डबा अजून तुमच्याकडेच आहे

पत्र थोडक्यात : लेखिका ६२ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, मराठी ख्रिस्ती, पुण्याच्या पूर्व भागात राहतात. गेली ११ वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी बायकांची प्रार्थनासभा भरते. देश आत्मिकदृष्ट्या झपाट्यानं घसरतोय असं वाटल्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांनी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी 'देशासाठी उपास-प्रार्थना' सुरू केली. विषय : लाचखोरी, द्वेष, दारू, मोबाइलमध्ये बुडालेली पिढी, लग्नाशिवाय एकत्र राहणारी मुलं-मुली, चर्चमधली रिकामी बाकं. अशाच एका शुक्रवारी त्यांनी 'असल्या मुलीं'बद्दल मोठ्यानं प्रार्थना केली. गटातली एक जुनी मैत्रीण मधेच उठली, चपला घालून निघून गेली, ती परत आलीच नाही. तिची मुलगी खराडीत अशीच राहते आणि लेखिकेला ते ठाऊक होतं. पाळकसाहेब म्हणतात, प्रेमानं घ्या. मुलगा म्हणतो, 'आई, तुझी प्रार्थना म्हणजे बातम्यांचं चॅनेल झालंय.' लेखिकेचा प्रश्न : 'दया दाखवायची म्हणजे पापाला पाप म्हणायचंच नाही का? पहारेकऱ्यानं कर्णा वाजवला नाही तर रक्ताचा जाब त्यालाच द्यावा लागतो, असं बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकात आहे. मग मी गप्प बसू, गट बंद करू, की आहे तसंच चालू ठेवू?' आणि सहीनंतर ताजा कलम : 'उपास सोडायला ती गव्हाची खीर आणायची. त्या दिवशीचा तिचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे.'

ताई, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र साडेचार पानी आहे. चार पानं देशाबद्दल, अर्धं पान मैत्रिणीबद्दल, आणि डब्याला ताजा कलमात दोन ओळी. कुठलंही पत्र आलं की मी ताजा कलम आधी वाचते, जुनी खोड आहे. सांगायचं ठरवून माणूस बसतो ते वर असतं. रात्री कूस बदलायला लावणारं सही करून झाल्यावर आठवतं. डब्याकडे मी येणार आहे. तोवर तो ओट्यावर राहू द्या.

तुम्हाला जे दिसतंय तो डोळ्यांचा भ्रम नाही, हे आधी मान्य करून टाकते. साध्या दाखल्यासाठी पाकीट सरकवावं लागतं. भाडेकरू ठेवताना आधी आडनाव विचारतात. सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात धाडणारा माणूस दुपारी दुसऱ्या धर्माच्या नावानं विष धाडतो. आपल्या लोकांना गावाकडे घरात चार डोकी जमवून प्रार्थना करायचीही धास्ती वाटू लागलीय, हेही खरं. तेव्हा 'सगळं छान चाललंय, तुम्हीच उगाच रडताय' असं मी म्हणणार नाही. देशासाठी रडणारी माणसं आधीच कमी आहेत. तुमच्या रडण्याचा मधेच कुठेतरी राग झाला, तो कुठे झाला एवढंच मला तुमच्याबरोबर बसून शोधायचंय.

तुमच्या 'घसरण' या शब्दाशी मी अडले. घसरायला आधी वर असावं लागतं. आपण नेमके कधी होतो वर? तुम्ही लिहिता, लहानपणी नगरला चर्च खचाखच भरायचं. भरायचं, मीही पाहिलंय. पण पुढची बाकं बोर्डिंगच्या मुलांची असायची आणि त्यांची हजेरी लागायची, हेही मी पाहिलंय.

पुण्याचंच घ्या. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या पदरच्या कॅथलिक सैनिकांच्या चर्चसाठी जागा दिली. तेच आजचं क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च. केवढं मोठं मन, असं आपण कौतुकानं सांगतो. त्याच राज्यात त्याच रस्त्यांवर अस्पृश्य माणसाला कसं वावरावं लागे, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्यातल्या बहुतेकांचे खापरपणजोबा त्यातलेच. शंभर वर्षं पुढे या. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा ठेवला गेला, आणि ख्रिस्त्यांच्या घरच्या त्या चहाच्या पेल्यावरून गावात एवढं वादळ उठलं की टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताचा घोळ निस्तरावा लागला. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी आपलं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं. ज्या मुलींसाठी आणलं, त्यातल्या कित्येकींना लग्न म्हणजे काय ते कळायच्या आत वैधव्य आलेलं होतं. हा काळ वरचा म्हणायचा की खालचा? मला तर वाटतं, काळ एका अंगानं बरा होत असतो तेव्हा दुसऱ्या अंगानं चिघळत असतो, आणि आपल्याला फक्त चिघळलेलंच अंग दिसतं, कारण दुखतं तेच.

पत्रासोबत तुम्ही शुक्रवारची यादी पाठवलीत. १४ मुद्दे. मी ती दोनदा वाचली. त्यात असा एकही मुद्दा नाही ज्यात तुमच्या हॉलमधली एखादी बाई स्वतःचं नाव घालू शकेल. सोयरीक जुळवताना आपण अजून दबक्या आवाजात 'मूळचे कोण?' विचारतो, ते यादीत नाही. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी विचारतो. मंडळीच्या निवडणुकीत एकमेकांची जी उणीदुणी काढली जातात, ती नाहीत. चर्चच्या जागेवरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो, तेही नाही. धुण्याभांड्याच्या बाईनं दोन खाडे केले की पगार कापणारे हात संध्याकाळी देशासाठी जोडले जातात. ते कसं असणार यादीत? (कापणाऱ्यांत मीही होते.)

सभेचं वचन तुम्ही घेतलंय बायबलमधलं २ इतिहास ७:१४. शलमोन राजानं मंदिराचं समर्पण केल्यावर देव त्याला रात्री दर्शन देऊन सांगतो : पाऊस थांबला, टोळ आले, मरी आली, आणि माझं नाव लावणारे माझे लोक नमले, त्यांनी प्रार्थना केली, आपले वाईट मार्ग सोडले, तर मी ऐकेन आणि त्यांचा देश बरा करीन. सोडायचेत ते मार्ग कुणाचे? नाव लावणाऱ्यांचे. शेजारच्या इमारतीतल्यांबद्दल त्या वाक्यात चकार शब्द नाही.

हे वचन 'राष्ट्रा'साठी म्हणून आपल्या तोंडी इतकं बसलं, ते बरंचसं अमेरिकेतल्या व्यासपीठांवरून आलंय. तिथे १९५२ पासून कायद्यानं राष्ट्रीय प्रार्थना दिवस पाळतात, आणि तिथल्या अनेक उपदेशकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र असतं : आपला देश एकेकाळी देवाचा होता, तो हातचा गेला, तो परत मिळवायचा. ते चित्र तिकडे तरी कितपत खरं, ते त्यांचं ते बघतील. पण तुम्ही रात्री यूट्यूबवर ते ऐकायचं आणि सकाळी पुण्याला चिकटवायचं, हे कसं जमावं? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती शंभरात एकसुद्धा पुरते भरले नाहीत. हा देश आपल्या हातून निसटला असं म्हणायला तो आपल्या एकट्यांच्या हातात होता कधी?

थोड्यांनी पुष्कळांत कसं राहायचं, याचं पत्र यिर्मया संदेष्ट्याच्या २९व्या अध्यायात आहे. बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना तो लिहितो : घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा. आणि ज्या शहरात आहात त्याचं हित बघा, त्याच्यासाठी देवाला विनवा. त्याचं बरं झालं तर तुमचंही बरं होईल. आपण काही बंदिवान नाही, इथल्याच मातीतले आहोत. मग आपल्याला तर हे जास्तच सोपं जायला हवं. त्या पत्रात बाबेलच्या पापांची यादी नाही. यिर्मयाला पापं दिसत नव्हती असं कोण म्हणेल? तो तर त्याच कामासाठी प्रसिद्ध होता.

आता मैत्रिणीकडे वळते.

बायबलमधल्या दानीएलाच्या नवव्या अध्यायातली प्रार्थना पुन्हा एकदा काढून वाचा, पण या वेळी फक्त सर्वनामं बघत वाचा. ज्याच्यात वैऱ्यांनाही खोट सापडली नाही असा हा माणूस, आणि देवापुढे म्हणतो काय? आम्ही पाप केलं, आम्ही ऐकलं नाही, लाज आमच्या तोंडाला. 'त्यांनी' म्हणायचा हक्क कुणाला असेल तर तो त्याला होता. मी चष्मा लावून तुमचं पत्र मोजलं. 'हे लोक', 'ही पिढी', 'असल्या मुली' मिळून १९ वेळा. 'आम्ही' सहा वेळा, आणि सहाही वेळा पुढे 'प्रार्थना करतो'. आपण मराठीत देवाला 'तू' म्हणतो, किती जवळचं वाटतं ते. त्याच तोंडानं, त्याच वाक्यात, जिला तुम्ही शब्बाथशाळेत वचनं पाठ करायला शिकवलीत तिला 'असल्या मुली'.

पहारेकऱ्याचा मुद्दा तुम्ही जोरात मांडलाय, त्याला बगल देत नाही. यहेज्केलाच्या ३३व्या अध्यायात तो आहेच. पण तो तटावर उभा असतो, गावाच्या आत. तलवार आली तर त्याचं घरही तिच्याच वाटेत येतं. आणि त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनात देव म्हणतो की दुष्ट मेला यात मला आनंद नाही, तो वळावा आणि जगावा. दुसरं म्हणजे कर्णा माणसांकडे तोंड करून वाजवायचा असतो. तुम्ही तो देवाकडे तोंड करून वाजवलात. त्याला काय खराडीतल्या त्या फ्लॅटचा पत्ता नव्हता? तुम्ही डोळे मिटून भाषण केलंत, ताई. देव निमित्त होता, ऐकायचं बाजूच्यांनी होतं.

आणि त्या भाषणाला उलट उत्तर देता येत नाही, ही त्यातली खरी मेख. चहा पिताना तुम्ही हेच बोलला असतात तर ती म्हणाली असती, 'थांबा, आधी माझं ऐका.' प्रार्थनेत काय म्हणणार? मान खाली, डोळे मिटलेले, आणि शेवटी सगळ्यांच्या सुरात 'आमेन'. पोटच्या पोरीच्या निकालावर आईनं आमेन म्हणायचं! ती उठून गेली यात मला रुसवा दिसत नाही. आमेन म्हणायचं नव्हतं, म्हणून चपला घातल्या.

हे मला कळतं, कारण मी हे केलंय. तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तरुण संघाच्या सभेत मी एका मुलीसाठी कळकळीनं प्रार्थना केली. आमच्यातलीच मुलगी, एका हिंदू मुलाबरोबर लक्ष्मी रोडला दिसली होती. मी देवाला तिचं नाव सांगितलं, मुलाचं सांगितलं, कुठल्या दुकानासमोर ते उभे होते तेही सांगितलं. आवाज भरून आला होता माझा. रविवारपर्यंत तिच्या घरी कळलं, आणि तिचं कॉलेज सुटलं. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. उलट एका काकूंनी 'पोरीला आत्म्यांचं ओझं आहे गं' म्हणून माझी पाठ थोपटली. सरळ चहाडी केली असती तर निदान शिव्या तरी बसल्या असत्या. माफी मागायला मी १७ वर्षं लावली. गेले तेव्हा तिनं चहा केला, मुलांचे फोटो दाखवले, आणि निघताना म्हणाली, 'तू प्रार्थना फार छान करायचीस.' तो टोमणा होता की नव्हता, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही विचारता, दया म्हणजे पापाला पाप न म्हणणं का. मत्तयाच्या नवव्या अध्यायात येशू लोकांचे लोंढे बघतो आणि त्याला त्यांचा कळवळा येतो, मेंढपाळ नसलेली मेंढरंच ती. तिथला मूळ ग्रीक शब्द आतड्यावरून आलाय. हे मराठी बाईला समजावून सांगावं लागत नाही. आतडं तुटतं, आतड्याचं माणूस, हे आपण येताजाता बोलतो. लेक दारू पिऊन जिन्यात पडला तर आई काय 'बरं केलंस राजा' म्हणते? चांगल्या शिव्या घालते, आणि घालता घालता त्याला काखेत हात घालून उचलते. बघ्यांना फक्त शिव्या जमतात. लग्नाबद्दल तुमचं जे मत आहे ते बदला असं मी सांगत नाही. माझंही फार वेगळं नाही. मी एवढंच विचारते : त्या शुक्रवारी तुम्ही काखेत हात घातला होता का?

यादीत सदोमाचा, पापामुळे देवानं नाश केलेल्या त्या शहराचा, उल्लेख दोनदा आलाय, दोन्ही वेळा धाक म्हणून. अब्राहामाला सदोम कसं आहे ते माहीत नव्हतं? तरी तो मंडईत मेथीच्या जुडीवरून करावी तशी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान निघाले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? बरं, दहा? सगळं शहर वाचावं म्हणून. आणि सदोमाचं पाप काय, तर यहेज्केलाच्या १६व्या अध्यायात यादी सुरू होते ती गर्व, भरलेलं पोट, निवांत आराम आणि गोरगरिबाला हात न देणं इथून. बाकीचं पुढच्या वचनात येतं. ते वाचताना मला आपल्या वॉचमन, क्लबहाउस आणि पाहुण्यांसाठी रजिस्टर असलेल्या सोसायट्या आठवतात. माझी धरून.

दौंडच्या गाडीत बसलात तर केडगाव लागतं. रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं नाव तुमच्या सभेत निघतच असेल, तिथल्या १९०५च्या आत्मिक जागृतीच्या गोष्टी आपण रंगवून रंगवून सांगतो. त्या सुरू कशा झाल्या ते मात्र कमी सांगतो. त्या वर्षाच्या सुरुवातीला रोज सकाळी सत्तरएक जणी जमू लागल्या. विषय देशाचा होता का? विषय होता भारतातल्या ख्रिस्ती लोकांचं खरं मनपरिवर्तन, आणि रमाबाईंनी त्याला स्वतःच्या हातानं पुस्ती जोडली होती : आपण स्वतःही धरून. ज्या बाईनं १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, रस्त्यावर आलेल्या तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या, ती म्हणतेय, आम्हीही धरून. तिला कुणी मऊ म्हणेल का? पुण्यात प्लेगच्या इस्पितळात बायकांची आबाळ होत होती, तेव्हा तिनं सरकारची मर्जी न बघता वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहिलं. तो कर्णाच होता, आणि ज्यांच्या कानांवर पडायला हवा होता त्यांच्याच दिशेनं वाजवलेला. मुक्तीतल्या मुलीही प्रार्थना आटोपली की दळणाला, मागावर, छापखान्यात जायच्या.

आता तुमचे तीन पर्याय. गट बंद करू नका. ११ वर्षांत त्या बायकांनी एकमेकींची बाळंतपणं, बायपास आणि मयती निभावल्या असतील. ते पुन्हा उभं करणं या वयात होत नाही. आहे तसं चालू ठेवलंत तर हळूहळू तुमच्यासारखंच बोलणाऱ्या चार जणी उरतील, आणि तुम्हाला वाटेल आता खरे विश्वासू तेवढे राहिले. एलीया संदेष्ट्यालाही वाटलं होतं, मी एकटाच उरलो. देवानं त्याला सात हजारांचा आकडा ऐकवला. आणि गप्प बसणं तुम्हाला जमणार नाही. तुम्ही शिक्षिका आहात. मनात तेच घोळत राहील आणि चेहरा बोलेल.

तेव्हा शुक्रवार ठेवा, यादी फाडा. सहा महिने 'देश' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, एका शुक्रवारी एकच जागा घ्यायची, आणि त्या जागेवर गटातल्या दोघी आदल्या आठवड्यात जाऊन आलेल्या असल्या पाहिजेत. ससूनच्या आवारात बघा. गावाहून पेशंटबरोबर आलेली माणसं चादर टाकून दिवसचे दिवस काढतात. त्यांना काय लागतं ते विचारून या. बहुतेक वेळा मोबाइल चार्ज करायला जागा आणि कुठली चिठ्ठी कुठल्या खिडकीवर द्यायची ते सांगणारं माणूस, एवढंच लागतं. सोसायटीतला कचरा नेणाऱ्या बाईचं नाव गटातल्या कितीजणींना माहीत आहे? तो एक शुक्रवार झाला.

'मोबाइलमध्ये बुडालेली पिढी' हा तुमचा सातवा मुद्दा. त्या पिढीतला एक जण तुमच्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो, पैज लावते. जालना-बीडकडचा. सदाशिव पेठेत नाहीतर नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो, दिवसभर अभ्यासिकेत असतो, एमपीएससीचा चौथा प्रयत्न. जाहिरात लांबते, परीक्षा लांबते, निकाल लांबतो, वय मात्र वेळेवर वाढतं. मेसचे दोन वेळचे पैसे होत नाहीत म्हणून एक वेळ लावलीय, आणि घरी फोनवर 'यंदा नक्की' म्हणून सांगतो. हो, तो मोबाइलमध्ये बुडालेला असतो. नोट्स तिथेच असतात, आणि रात्री दोन वाजता जे बघतो त्याची त्याला स्वतःलाच लाज वाटते. त्याला रविवारी जेवायला बोलवा. वाढताना अभ्यास कसा चाललाय, हा प्रश्न सोडून काहीही विचारा. चार रविवार झाले की मग त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि बघा तुमचं वाक्य 'ही पिढी' असं सुरू होतं का.

आषाढी वारीच्या वेळी पालख्या नाना पेठ-भवानी पेठेत मुक्कामाला येतात, पंचहौदपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आळंदी-देहूहून चालत आलेल्या म्हाताऱ्या पायांना गरम पाणी आणि मलम लागतं. जाल तेव्हा पत्रकं नेऊ नका, फोटो काढू नका, 'प्रभू तुमच्यावर प्रीती करतो' हे वाक्यही घरीच ठेवा. आजच्या दिवसांत आपल्या मदतीकडे संशयानं बघतात, आणि खरं सांगायचं तर त्यातला थोडा संशय आपणच गळाला आमिष लावून कमावलाय. कुणी विचारलं 'तुम्ही कोण?' तर म्हणा, 'इथल्याच.' खोटं थोडंच आहे?

मोठ्यानं करायच्या प्रार्थनेला एकच कसोटी लावा. जिच्याबद्दल बोलताय ती तुमच्या शेजारी सतरंजीवर बसून हे ऐकू शकेल का, आणि मनापासून आमेन म्हणेल का? नसेल म्हणणार, तर ती प्रार्थना दार लावून एकटीनं करा; मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ती सोय करून ठेवलेली आहे. (हे भजनी मंडळं आणि सत्संगवाल्यांनाही लागू. आमच्या वाचकांत त्या बायका पुष्कळ आहेत आणि 'तिच्यासाठी बाई नामस्मरण करा' म्हणत सुनेचं सगळं चव्हाट्यावर आणण्यात आपण कुणीच मागे नाही.) कुणाची अडचण गटात आणायची तर आधी तिला विचारा. आणि 'तातडीची प्रार्थना, पुढे पाठवा' असे मेसेज आले की पाठवण्याआधी शोधा. त्यातले काही दहा-दहा वर्षं जुने आणि मुळात खोटे असतात. खोट्या बातमीवर उपास करून पित्त तेवढं वाढतं.

मुलाला महिनाभर प्रार्थनेला चला म्हणू नका. त्याच्याकडे एक विषय मागा आणि तो जे देईल त्याच्यावर भाष्य न करता तो वहीत लिहा. चॅनेल म्हणाला म्हणजे कान देऊन ऐकत होता, हेही लक्षात घ्या.

राहिला डबा.

शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे तुमच्या आईनंही तुम्हाला शिकवलं असेल. बाहेरचं काही आणू नका. शंकरपाळ्या करा, टिकतात. ती लगेच उघडणार नाही हे गृहीत धरा. आधी फोन करा आणि 'डबा द्यायला येते' एवढंच म्हणा. ती 'वॉचमनकडे ठेवा' म्हणाली तर ठेवा आणि परत या, पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करा. दार उघडलं तर बसायच्या आत बोला, कारण बसलात की हवापाण्याच्या गप्पा सुरू होतील आणि राहून जाईल. 'तुला वाईट वाटलं असेल तर' अशी माफी मागू नका, ती माफी नसते. वाक्य असं आहे : 'मला ठाऊक होतं, आणि तरी मी बोलले.' हे तुम्ही मला पत्रात लिहू शकलात, तिला तोंडावर सांगायला जड जाईल. घरी दोनदा म्हणून बघा. मग गप्प बसा. ती रडली तर रडू द्या, चिडली तर ऐकून घ्या. पाळकसाहेबांचं नाव काढू नका. 'प्रार्थना करूया का' असं तुम्ही विचारायचं नाही. तिनं म्हटलं तर तिला करू द्या, आणि तुम्ही आमेन म्हणा.

मुलगी कशी आहे, ते विचारा. नाव घेऊन. नोकरी कुठे, जेवते कुठे, ताप आला तर कोण असतं जवळ, असं. खराडी तुमच्यापासून काही लांब नाही.

आणि ताई, तुमची सवय मला पत्रावरून कळलीय म्हणून सांगते, डब्यात वचनाची चिठ्ठी घालू नका. नुसत्या शंकरपाळ्या.